ब्रेस्ट रिडक्शन झालंय आणि बाळ येतंय: अंगावरच्या दुधाचा हिशोब

म्हशीचं एक सड दगडी होऊन गेलं म्हणून करवीर तालुक्यातला दूधवाला लगेच तिला बाजार दाखवत नाही. उरलेल्या तीन सडांवर ती दूध देते, आणि ते किती निघतंय हे तो रोज मापानं बघतो. स्तन लहान करण्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस राहिले की घरात मात्र एकच प्रश्न फिरायला लागतो, "हिला दूध येईल का?" दूध बहुतेक जणींच्या अंगात तयार होतं. ते किती तयार होतंय, त्यातलं बाहेर किती येतंय आणि बाळाच्या पोटात किती जातंय, एवढंच बघायचं असतं. ते मोजता येतं, आणि मोजलं की निम्मी भीती कमी होते.

म्हशीच्या उदाहरणाचा राग मानू नका. पान्हा म्हणजे काय, तो चोरला कसा जातो, रेडकू लावल्याशिवाय धार का लागत नाही, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पुढचं सगळं त्याच समजुतीवर उभं आहे.

आधी ऑपरेशनमध्ये काय होतं ते बघू. दूध तयार करणाऱ्या पेशींचे द्राक्षाच्या घडासारखे घोस असतात. प्रत्येक घोसातून बारीक नळ्या निघतात, एकमेकींना मिळत मिळत निपलकडे येतात आणि तिथं उघडतात. जुन्या पुस्तकांत अशी १५ ते २० तोंडं सांगितलेली असायची. २००५ च्या सुमारास सोनोग्राफीनं मोजल्यावर ती सरासरी ९ च्या आसपास निघाली, कुणाला ४, कुणाला १८. ज्या बाईला मुळात ५-६ नळ्या आहेत तिच्या ३ तुटल्या तर फरक मोठा पडतो, आणि हे आधी कुणालाच माहीत नसतं. एकाच सर्जनकडे एकाच पद्धतीनं ऑपरेशन झालेल्या दोघींना दूध वेगवेगळं का येतं, त्याचं एक कारण हे.

दुसरी गोष्ट नसेची. बरगड्यांच्या चौथ्या फटीतून येणारी नस प्रामुख्यानं निपलला संवेदना देते. बाळ ओढायला लागलं की हिच्यामार्फत मेंदूला निरोप जातो. मेंदू प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन संप्रेरकं (हार्मोन्स) सोडतो. पहिल्यानं दूध तयार होतं, दुसऱ्यानं पान्हा सुटतो. नस दुखावली असेल तर आत दूध असूनही धार लागत नाही. पण नस हळूहळू परत वाढते, आणि तुटलेल्या नळ्याही काही प्रमाणात जोडल्या जातात, विशेषतः गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात. म्हणून ऑपरेशनला जितकी वर्षं होऊन गेली तितकं बरं, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त दूध आलेल्या बायका कमी नाहीत.

तिसरी आणि सगळ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे देठ. ऑपरेशनमध्ये निपल आणि भोवतीचा काळा घेर वर सरकवायचा असतो. तो ज्या मांसाच्या देठावर जिवंत ठेवतात त्याला पेडिकल म्हणतात. देठ खालून ठेवला तर इन्फिरिअर, वरून ठेवला तर सुपिरिअर, वरून आणि आतल्या बाजूनं ठेवला तर सुपरोमीडियल. निपलच्या थेट खालचा मांसाचा खांब किती राखला, यावर नळ्या किती वाचल्या ते ठरतं. खूप मोठ्या स्तनांत कधी निपल पूर्ण काढून कातडीसारखा परत लावतात. तो फ्री निपल ग्राफ्ट. त्यात सगळ्या नळ्या कापल्या जातात. २०१७ साली या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हा खांब पूर्ण राखलेल्या पद्धतींमध्ये पाजण्याच्या यशाचा मध्यक (सगळे आकडे ओळीनं लावल्यावर मधला येतो तो) १०० टक्के होता, थोडा राखलेल्यांत ७५ आणि अजिबात न राखलेल्यांत ४ टक्के. हे आकडे जपून वाचा. 'यश' कशाला म्हणायचं हे प्रत्येक अभ्यासात वेगळं होतं. काहींनी थोडंफार पाजलं तरी यश धरलं. १०० टक्के म्हणजे वरच्या दुधाचा एक थेंबही लागला नाही, असा अर्थ नाही.

अंगावरच्या व्रणांवरून देठ ओळखायला जाऊ नका. काळ्या घेराभोवती गोल, तिथून खाली उभी रेघ आणि स्तनाखाली आडवी रेघ असा जहाजाच्या नांगरासारखा व्रण कितीतरी पद्धतींत सारखाच दिसतो. खरं उत्तर ऑपरेशन नोटमध्ये असतं. डिस्चार्ज कार्ड वेगळं, ऑपरेशन नोट वेगळी. कार्डावर नुसतं 'रिडक्शन मॅमोप्लास्टी' एवढंच लिहिलेलं असतं. नोटमध्ये पेडिकल कुठला, कुठल्या बाजूनं किती ग्रॅम काढलं, निपल देठावर ठेवला की ग्राफ्ट केला, हे सापडतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णांचे कागद डॉक्टरांनी ३ वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. ऑपरेशन लग्नाआधी मुंबई-पुण्यात झालेलं असेल आणि ३ वर्षं उलटून गेली असतील तरी फोन करून बघा. बऱ्याच ठिकाणी जुन्या फायली असतात. कागद मिळाला की बाळंतपणाच्या फाइलमध्ये त्याची झेरॉक्स लावून टाका.

इथं एक अवघड गोष्ट. लग्नाआधीचं ऑपरेशन सासरी सांगितलेलं नसतं, असं पुष्कळदा असतं. कुणाला सांगायचं हा तुमचा प्रश्न. पण बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि बाळाचे डॉक्टर, या दोघांना माहीत असलंच पाहिजे. नाहीतर बाळाचं वजन घसरल्यावर "सारखं पाजत रहा, येईल दूध" असा इतरांना लागू पडणारा सल्ला तुम्हालाही मिळेल, आणि तुमच्या बाळाचे त्यात चार दिवस जातील.

गरोदरपणात स्वतःचा अंदाज घेता येतो. निपलला स्पर्श कळतो का, गार-गरम कळतं का, गार हवेत तो ताठ होतो का, हे बघा. दोन्ही बाजूंचं उत्तर वेगळं असू शकतं. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून चीक तयार व्हायला लागतो. ब्लाउजला डाग पडला तर किमान एखादी वाट उघडी आहे हे कळलं. डाग पडला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ऑपरेशन न झालेल्या कितीतरी जणींनाही पडत नाही. ३६-३७ आठवडे झाल्यावर डॉक्टरांना विचारून हातानं चीक काढायला सुरुवात करता येते. आधी कळा लवकर आलेल्या असतील, पिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा वार खाली असेल तर नको. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं. अंगठा आणि तर्जनी काळ्या घेराच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत. थेंब आला की निपलवर किती ठिकाणी उमटतो ते चांगल्या उजेडात मोजा. चार ठिकाणी उमटला तर चार वाटा नक्की उघड्या आहेत. निघेल तो चीक १ किंवा २ मिलीच्या सिरिंजमध्ये भरून, तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पहिल्या दोन दिवसांत तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात, सिझेरियन असेल तर शुद्ध आणि श्वास ठीक असेल तितक्या लवकर, बाळ उघड्या छातीवर. त्यानंतर २४ तासांत ८ ते १२ वेळा अंगावर. पहिले तीन दिवस प्रत्येक पाजणीनंतर पाच-दहा मिनिटं हातानं काढून ते चमच्यानं बाळालाच द्यायचं. पहिल्या दिवसांतला चीक घट्ट आणि थोडा असतो. पंपाच्या भांड्याला चिकटून वाया जातो, हातानं जास्त निघतो. दूध उतरल्यावर मग दोन्ही बाजूंना एकदम लागणारा इलेक्ट्रिक पंप, दिवसातून ६-८ वेळा, १५ मिनिटं. पंपाचा फनेल निपलला घासत असेल तर माप चुकलंय. ऑपरेशननंतर काळा घेर मुळात लहान केलेला असतो आणि त्याच्या कडेचा व्रण ताणला जात नाही, त्यामुळं फनेल नीट मोजूनच घ्या.

या दिवसांत बाळाला लागतं किती, हे ऐकून सगळेच चकित होतात. पहिल्या २४ तासांत एका वेळेला २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. पहिल्या दिवशी कुणी ५० मिलीची बाटली भरून आणली तर तिथंच थांबवा.

निपल बधिर असेल तर एक जास्तीचं काम आहे. इतरांना चुकीचं धरलं की दुखतं आणि कळतं, तुम्हाला कळणार नाही. म्हणून बाळानं सोडल्या सोडल्या निपलकडे बघायचं. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखा तिरका, चपटा दिसला किंवा पांढरा पडला, तर बाळानं नुसतं टोक धरलंय. स्तन अंगठा आणि बोटांत किंचित चपटा धरून, बाळानं तोंड मोठं उघडल्यावर खालचा ओठ निपलपासून लांब टेकवत आत द्या. पांढरा पडून मग निळसर होत असेल आणि ठणकत असेल तर रक्तवाहिन्या आखडतायत. पाजून झाल्या झाल्या गरम, कोरडं फडकं झाकायचं. पावसाळ्यात इथल्या ओल्या गारठ्यात हे जास्त होतं.

पान्ह्याचं तसंच. निपलमधून निरोप अर्धवट जात असेल तर बाकीच्या वाटा वापरायच्या. बाळाचा वास, रडणं, अंगाचा स्पर्श, यांनीही ऑक्सिटोसिन सुटतं. रोज तीच जागा, तीच उशी, खांद्यांवर गरम फडकं, कुणीतरी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीनं खाली-वर चोळून देणं. कळा सोसत, दातओठ खात पाजलं तर पान्हा चोरला जातो. टाके दुखत असतील तर डॉक्टरांनी लिहिलेली दुखायची गोळी पाजायच्या अर्धा तास आधी घ्या.

पाजताना बाळ चोखतंय पण गिळत नाही असं झालं की स्तन दाबून मदत करायची. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, काळ्या घेरापासून लांब, व्रण टाळून. दाबून धरायचं, गिळणं थांबलं की सोडायचं, बोटं थोडी फिरवायची. बाजू संपली असं वाटलं की दुसरी द्यायची, मग परत पहिली.

आता तिसरा-चौथा दिवस. गोंधळ इथंच होतो. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि दूध उतरायला लागतं, सगळ्याच घोसांत. ज्यांची नळी तुटली आहे त्यांतही. धरण भरलं म्हणजे नळाला पाणी आलंच असं नसतं, हे काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनची वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. अशा घोसांच्या जागी कठीण, गरम, दुखरी गाठ येते. ती काखेकडेही येऊ शकते. मोकळी वाट नसल्यामुळं चोळून, दाबून ती रिकामी होत नाही. उलट आतला भाग सुजतो आणि शेजारच्या चांगल्या नळ्याही दाबल्या जातात. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा हात इथं घात करतो. गरम पाणी ओतून, छाती रगडून 'गाठी मोडायच्या' ही त्यांची पद्धत. मावशींना नम्रपणे सांगा, पाठ-कंबर हवी तेवढी चोळा, छातीला हात नको. गाठीवर गार फडकं १०-१५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दूध साचून राहिलं की तो घोस स्वतःच उत्पादन बंद करतो. आठवड्याभरात, कधी थोडं जास्त दिवस लागून, गाठ मऊ होते. तिचं दूध गेलं ते गेलं, पण उघड्या नळ्यांच्या घोसांना त्याचा धक्का लागत नाही. ते जितकं काढाल तितकं बनवत राहतात. गाठीवर लालसर पट्टा उमटला, ताप आणि थंडी वाजून आली तर त्याच दिवशी डॉक्टर. औषध सुरू होऊन ४८ तासांत उतार नसेल तर सोनोग्राफी करून पू झालाय का बघावं लागतं. या काळात पाजणं थांबवायचं नाही.

माप

शू पहिल्या दिवशी १, दुसऱ्या दिवशी २, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी, दिवसाला तीन-चार वेळा. दुपट्यावर विटकरी रंगाची भुकटी पहिल्या दोन दिवसांनंतरही दिसत असेल तर दूध कमी पडतंय. जन्मवजनात ७ टक्क्यांहून जास्त घट झाली की डॉक्टरांनी पाजणं स्वतः बघावं. १० टक्क्यांपर्यंत गेली तर वरचं सुरू करण्यात वेळ घालवायचा नाही. १०-१४ दिवसांत जन्मवजन परत यायला हवं आणि पुढं रोज सरासरी २०-३० ग्रॅम. आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्याकडं वजनकाटा असतो. पण तुमच्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत तेवढ्यानं भागणार नाही, एक दिवसाआड वजन हवं, त्याच काट्यावर, उघड्या अंगानं.

सर्वात फसवं बाळ कुठलं माहिताय? शांत बाळ. तास-तासभर छातीला लागून झोपतं, रडत नाही, घरचे म्हणतात "गुणाचं आहे." ताकद नसल्यामुळं ते झोपलेलं असू शकतं. गिळण्याचा आवाज ऐकू येत नसेल, अंग पिवळं होत असेल, शू घटली असेल तर ते गुणाचं नाही, उपाशी आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अशी बाळं चटकन सुकतात आणि रक्तातलं सोडियम वाढतं. ते थेट भरती करण्याचं दुखणं आहे. पाणी किंवा गुटी हा त्यावरचा उपाय नाही.

नेमकं किती जातंय ते बघायचं तर ५ ग्रॅमचा फरक दाखवणारा बेबी वजनकाटा भाड्यानं घ्या. गुजरीत सोनं तोलतात तितका बारीक नको, पण घरातला माणसांचा काटा चालणार नाही. पाजायच्या आधी वजन, पाजून झाल्यावर त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता परत वजन. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. एका पाजणीवरून निष्कर्ष काढू नका, पहाटे जास्त आणि संध्याकाळी कमी असतंच. पूर्ण २४ तासांच्या पाजण्या मोजून बेरीज करा. पहिला आठवडा उलटल्यावर बाळाला दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिली लागतं. ३ किलोच्या बाळाला ४५० मिली. बेरीज २४० आली तर २१० कमी पडतंय, म्हणजे आठ पाजण्यांना २५-२५ मिली वरून. हा ढोबळ आकडा. आठवड्याचं वजन बघून त्यात फेरफार करायचा.

आकडा कमी आला म्हणून सगळा दोष ऑपरेशनला देऊन मोकळं होऊ नका. थायरॉइड, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, वारेचा आत राहिलेला तुकडा, यांनीही दूध कमी येतं आणि त्यावर इलाज होतो. विचारा.

वरचं दूध, पण अंगावरच

बाटलीनं दिलं की दूध आपोआप तोंडात पडतं, छातीवर कष्ट करावे लागतात. बाळ हुशार, चार दिवसांत निवड करतं. म्हणून वरचं दूध छातीवरूनच द्यायचं, स्तनाला चिकटवलेल्या बारीक ट्यूबमधून. परदेशी बनावटीचं तयार साधन महाग पडतं. मेडिकलमध्ये मिळणारी इन्फंट फीडिंग ट्यूब पुरते. ५ नंबरची करडी, ६ ची फिकट हिरवी, ८ ची निळी. स्वतःचं काढलेलं दूध असेल तर ५ पुरते, पावडरचं दूध तीत अडकतं, त्याला ६ घ्या. ८ ची जाड पडते आणि दूध भसकन येतं.

ट्यूबचं बंद टोक, ज्याच्या बाजूला बारीक भोकं असतात, ते निपलच्या टोकाशी किंवा किंचित पुढं यावं अशी ट्यूब स्तनावर ठेवा आणि मायक्रोपोर पट्टीनं चिकटवा, निपलपासून दोन-तीन बोटं मागं. ती बाळाच्या वरच्या ओठाच्या मधोमध किंवा ओठाच्या कोपऱ्यातून आत जाते. रुंद टोक वाटीतल्या कोमट दुधात बुडवा. वाटी निपलच्या उंचीला धरायची. वर नेली की धार वाढते, खाली नेली की मंदावते. बाळ चोखत नसतानाही दूध येत असेल तर वाटी फार वर आहे. पहिली पाच-दहा मिनिटं ट्यूब चिमटीत मोडून बंद ठेवा म्हणजे बाळ आधी तुमचं दूध ओढेल. गिळणं मंदावलं की सोडा. सगळं मिळून अर्ध्या तासात उरकलं पाहिजे. दहा मिनिटांत वाटी रिकामी झाली तर तुमच्या छातीला निरोप गेलाच नाही, तासभर लागला तर बाळ दमलं.

पहिले दोन दिवस हे एकटीनं जमत नाही. आई किंवा सासूबाईंच्या हातात वाटी द्या. वाटी धरणारं माणूस सल्ले कमी देतं, हा अनुभवाचा भाग.

पाजून झालं की लगेच १० मिलीच्या सिरिंजनं ट्यूबमधून गार पाणी, मग साबणाचं कोमट पाणी, मग उकळून निववलेलं पाणी सोडा. आधी गरम पाणी घातलं तर दूध आत चिकटतं. ट्यूब रोज नवी. वाटी १० मिनिटं उकळा. ट्यूब नको वाटली तर बोंडलं आहेच. बाळ छातीला असताना बोंडल्यानं किंवा सिरिंजनं स्तनावर वरून थेंब थेंब सोडायचं, ओघळत निपलपर्यंत येतं. बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं वापरायला हरकत नाही, फक्त चोचीच्या सांध्यात साय साचते, तिथं बारीक ब्रश घाला.

वर काय द्यायचं? पहिलं तुमचंच काढलेलं. दुसरं, मिळालं तर दूधपेढीतलं पाश्चराइज केलेलं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली, त्यानंतर राज्यात बऱ्याच ठिकाणी निघाल्या, पण त्यांचा साठा आधी कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना जातो. विकत मिळणाऱ्या आईच्या दुधाच्या जाहिरातींना भुलू नका. अशा विक्रीला मान्यता नसल्याचं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०२४ साली स्पष्ट केलंय. तिसरं, बाळाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर. पाणी उकळून ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर घालायची, मग निववायची. डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, चमचा सपाट. 'पचायला हलकं' म्हणून पातळ केलं की बाळाचं पोट भरतं आणि वजन वाढत नाही. उरलेलं टाकून द्यायचं.

आणि हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळणारच: "अगं, अंगावरचं पुरेना झालंय तर गंगावेशीतनं दूध आणूया की, डोळ्यांदेखत पिळून देत्यात." गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध पैलवानाला मानवेल. म्हशीच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या जवळपास चौपट. तान्ह्याच्या मूत्रपिंडाला तो भार झेपत नाही, लोह नगण्य, आणि न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून तापवलेलंही नको.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी कल्प, मटणाचं अळणी, हे सगळं बाळंतिणीनं आवडीनं खावं. तिचं अंग भरून यायला ते लागतं. पण त्यानं तुटलेली नळी जोडली जात नाही. दूध वाढवण्याचं त्याचं सामर्थ्यही घरच्यांना वाटतं तितकं सिद्ध झालेलं नाही. मेथीची पावडर चमच्या-चमच्यानं घेतली तर आई आणि बाळ दोघांची पोटं बिघडतात. दूध वाढावं म्हणून दिल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोनच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यांनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) यांच्यासोबत तो धोका वाढतो. निपलला बुरशी झाली की फ्लुकोनाझोल लिहून दिलं जाऊ शकतं, त्यामुळं दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकांना दाखवा.

वरचं कमी करायचं ते एकदम नाही. दिवसाच्या एकूणातून ५० मिली काढा, चार-पाच दिवस थांबा. रोज सरासरी २० ग्रॅमहून जास्त वजन वाढत असेल तर अजून ५० काढा, नसेल तर परत घाला. कुणाचं वरचं पूर्ण सुटतं, कुणाचं २०० मिलीवर अडतं. अडलं तर तिथंच राहू द्या. सहा महिन्यांनी भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, वरणभात सुरू झाला की तो २०० मिलीचा खड्डा जेवणानं भरायला लागतो आणि तुमचं जेवढं येतंय तेवढं दोन वर्षांपर्यंतही चालू शकतं. मला विचाराल तर दिवसाला १०० मिली येत असलं तरी पाजावं. मात्र आईची झोप आणि डोकं ताळ्यावर राहत नसेल तर रात्रीचे पंप सोडून द्यावेत, त्याबद्दल कुणाला हिशोब द्यायची गरज नाही.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी थोडकं. मान-खांदे दुखतात, पट्ट्यांचे वळ खांद्यात रुततात, स्तनाखाली घाम धरून कातडी चिघळते, अशा त्रासात पुढच्या बाळासाठी दहा वर्षं थांबा, असं सांगण्यात अर्थ नाही. पण सर्जनला स्पष्ट विचारा: देठ कुठला ठेवणार, निपलखालचा खांब राखणार का, किती ग्रॅम काढणार, ऑपरेशनच्या टेबलावर ग्राफ्टची वेळ येऊ शकते का. "पुढं पाजायचंय" हे संमतिपत्रावर लिहून घ्या. मूल झालेलं असेल तर पाजणं पूर्ण थांबल्यावर किमान सहा महिने जाऊ द्या, स्तन मूळ आकाराला येतात आणि किती काढायचं ते नीट कळतं. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं असतानाच ऑपरेशन नोटची प्रत मागा, आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून आईला पाठवून ठेवा.